पहिलं घर घेताना पाण्याची टाकीपण बघा

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या वर्षी जुळे सोलापुरात आम्ही पहिला फ्लॅट घेतला, सॅम्पल फ्लॅटमधल्या टाइल्स बघून घरचे सगळे हरखून गेले आणि नळाला पाणी किती दिवसाआड येतं, खालची टाकी केवढी आहे हे मी विचारलंच नाही. आता उन्हाळ्यात टँकरची वर्गणी, आणि पाणी सुटलं का बघायला बायको रात्री दोनदा उठते. म्हणून कळकळीनं सांगतो, बुकिंगआधी शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन विचारा. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघा, दर कार्पेट एरियावरच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवरच धरा, आणि करारनामा रजिस्टर झाल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर पैसे मागता येत नाहीत, रेरा कायद्यातच आहे ते, बिल्डर कितीही घाई करू दे. प्लॉट असेल तर सातबारा आणि एनएची (बिगरशेतीची) ऑर्डर वकिलाकडनं तपासून घ्या, फी जाईल तर जाऊ द्या. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत असते, म्हणजे 40 लाखांवर 40 हजार, आम्हाला हे दस्त झाल्यावर कळलं! पाण्याची सोय काय आहे हे बिल्डरांना जाहिरातीतच छापायला लावा, एवढी विनंती.

– एक वाचक, जुळे सोलापूर