तपकिरीच्या डबीवरचे नाव हा डाग नव्हे

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील स्कॉटलंडच्या जुन्या लाकडी तपकीर-डब्यांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांच्या व्यासंगाबद्दल मला आदर आहे. परंतु ‘मालकांनी हौसेने नावे व साल रंगवून घेतल्यामुळे कित्येक चांगल्या डब्या विद्रूप झाल्या’ हे त्यांचे विधान वाचल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

विद्रूपता दूर केलेली अशी एक डबी माझ्यापाशीच आहे. सायकामोरच्या लाकडाची, तळहातात मावणारी. झाकणावर नांगर व दोन घोडे आणि त्याखाली मालकाची आद्याक्षरे व १८२३ हे साल. रंगवणाऱ्याचा जागेचा अंदाज चुकला असावा, कारण शेवटचा तीन कडेला चेंगरून बसला होता. झाकण उघडताना अंगठा जिथे टेकत असे, तिथला रंग झिजून खालचे लाकूड दिसत होते. वॉर्निशच्या चिरा तेवढ्या बुजवून द्याव्यात, एवढ्या माफक अपेक्षेने ती मी एका तज्ज्ञांच्या हवाली केली. तीन आठवड्यांनी ती आरशासारखी लखलखीत होऊन परत आली. नांगर होता, घोडे होते, झिजलेली जागाही नव्याने रंगवली होती. फक्त नाव आणि साल नव्हते. ‘ते लिखाण मागाहूनचे वाटले, म्हणून काढले,’ असे वर मलाच ऐकवण्यात आले. तपकीर सुकू नये म्हणून आत लावलेला कथलाचा पातळ पत्रादेखील मळकट दिसतो म्हणून त्यांनी खरवडून टाकला होता. बिल मात्र त्या कामाचेही लावले.

लेखकांना कौतुक आहे ते बिजागरीचे. एलिथ गावच्या, अंथरुणाला खिळलेल्या जेम्स सँडी यांच्या नावे सांगितली जाणारी ती लपवलेली लाकडी बिजागरी अजोडच आहे, यात वाद नाही. पण लॉरेन्सकर्क, कम्नॉक आणि मॉक्लिन येथील कारागिरांनी ती उचलल्यावर एकीची बिजागरी दुसरीसारखीच होऊ लागली. डबी नांगरटीवाल्याची की दुसऱ्या कुणाची, हे कळायचे ते झाकणावर रंगवून घेतलेल्या खुणेवरून आणि नावावरून. तेच खोडायचे आणि उरलेल्याला लोककला म्हणायचे, ही रसिकता मला झेपत नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत ठळकपणे छापलेली डबी हाताने रंगवलेली नाहीच. तिच्यावरचे ॲलोवे येथील स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मघराचे चित्र छापील असून लाकडावर उतरवून त्यावर वॉर्निश चढवलेले आहे; सहलीला येणाऱ्यांसाठी मॉक्लिनमध्ये पुढे असा माल निघू लागला. शिवाय आकारावरून ती तपकिरीची नसून टपाल तिकिटांची डबी दिसते. तिच्यावर कुणाचेही नाव नाही, हे खरे. लेखकांना ती आवडली असल्यास नवल नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार