पिशवीचा रंग ठरलाय, कागदाचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी ऐरोलीत राहते. गेल्या पावसाळ्यात अकराव्या आठवड्यात माझा गर्भ गेला. दुसऱ्यांदा. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली, तेव्हाच कळलं. “ठोके नाहीत. नाळेतही गाठीसारखं काहीतरी दिसतंय,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशयाची सफाई, झालं. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत अर्धी ओळ आणि खाली गोळ्या.

“नाळेत काहीतरी” हे शब्द घरी आले आणि त्यांना पाय फुटले. सासूबाईंनी मायेनंच विचारलं, “हात वर करून कपडे वाळत घालत होतीस का गं?” हात वर केले की नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याला पडतो, असा समज. आमच्या बाल्कनीतली दांडी उंच आहे. काठी शोधायचा कंटाळा, म्हणून मी टाचा उंचावून कपडे टाकते. चार महिने त्या दांडीकडे बघवत नव्हतं, साहेब.

शेवटी एका ओळखीच्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास दिला. नाळेत तीन रक्तवाहिन्या. एक बाळाकडे रक्त नेते, दोन परत आणतात. शंभरात एखाद्या गर्भाला दोनच असतात, आणि त्यातलीही बरीच बाळं ठणठणीत जन्मतात. गळ्याला नाळेचा वेढा तर जन्मताना दर चार-पाच बाळांत एकाला असतो. तो बाळाच्या हालचालीनं पडतो, आईच्या हातांचा त्यात काही संबंध नाही. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांचा दोष सापडतो, आणि नाळेतली गाठ कधीकधी त्या दोषाबरोबरच येते. मग माझ्या बाबतीत काय होतं? “आता नाही सांगता येणार. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी गर्भाचा तुकडा सलाईनमध्ये ठेवतात. फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रावणात, टाकला की पेशी मरतात.”

माझा कशातच ठेवला नव्हता. तो पिवळ्या पिशवीत गेला. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत त्या पिशवीचा रंगसुद्धा लिहिलेला आहे.

सगळ्यांचीच तपासणी करा, असं मी म्हणत नाही. ती महाग आहे, आणि पहिल्यांदा गर्भ गेला तरी बहुतेकींना पुढे नीट मूल होतं. पण दुसऱ्यांदा जात असेल तर क्युरेटिंगच्या आधी विचारा तरी. जिल्हा आणि पालिका रुग्णालयांतून तो तुकडा प्रयोगशाळेपर्यंत जायची सोय करा. आणि मराठीत एक कागद द्या: काय दिसलं, काय तपासलं, आणि कशामुळे हे होत नाही. दांडीचं नाव त्यात छापील असलं, तर सासरी दाखवता येईल.

शेजारच्या खाटेवर तुर्भ्याची एक ताई होती, चार घरची धुणीभांडी करणारी. मला कंपनीनं सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. कायद्यातच आहे ती. ताई तिसऱ्या दिवशी कामावर. तिची रजा कोण देणार, तेही बघा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून पुढे. आम्ही तिथवर पोचलोच नाही. त्याच दिवशी तासभर आमच्यासाठी ठेवा, पण खोली वेगळी द्या. फॉलोअपला मला गरोदर बायकांच्याच बाकावर बसवलं होतं. शेजारचीनं हसून विचारलं, “कितवा महिना?”

आपली,
ऐरोलीची एक रहिवासी