भिगवणला गेलेल्या काकांना, विठ्ठलवाडीच्या घाटावरून

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही लेकीकडे भिगवणला कायमचे राहायला गेलात हे कळलं, तेव्हा दर रविवारी पुण्यात मुठा नदीचा काठ साफ करणाऱ्या आमच्या गटात सगळ्यांनाच एक चुटपुट लागली. तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. समोर होतात तेव्हा तुम्ही मानू दिले नाहीत. "आपल्याच नदीचं करतोय, त्यात उपकार कसले" म्हणून विषय मिटवायचात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. नाव छापायचं नाही ही तुमची ताकीद पाळली आहे. सिंहगड रस्त्यावरच्या आणि विठ्ठलाच्या देवळात येणाऱ्या माणसांना 'भोई काका' म्हटलं की पुरे.

आम्ही हातमोजे घालून, पोती घेऊन यायचो आणि दिसेल ते भरायचो. तुम्ही पायरीवर बसून बघायचात. शेरणीच्या झुडपांत पिशव्या इतक्या गुंतलेल्या होत्या की झुडपंच छाटून टाकू या, असं कोणीतरी सुचवलं. तेव्हा तुम्ही उठून आलात. "ताई, पिशव्या काढा, पण हिला हात लावू नका. पूर आला की ही आडवी होती, जागा सोडत नाही. हिच्या मुळ्यांनी गोटे धरलेत म्हणून काठ शिल्लक आहे." मग ती सगळी सकाळ बोटांनी एकेक चिंधी सोडवण्यात गेली, आणि सगळ्यांत हळू, सगळ्यांत नीट हात तुमचा चालत होता. शेरणी, वाळुंज, करंज, उंबर ही काठाची झाडं आम्ही तुमच्याकडून नावानिशी शिकलो. साफसफाई म्हणजे काय काढायचं एवढंच आमच्या डोक्यात होतं. काय ठेवायचं, हे सांगणारं माणूस त्या काठावर तुमच्याशिवाय दुसरं नव्हतं.

ते ताट आठवतं? तुम्ही डब्याबरोबर आणलेलं पांढरं, कडेला टवके उडालेलं. जलपर्णीचं एक रोप उपटून तुम्ही त्याच्या काळ्या, केसाळ मुळ्या त्या ताटात झटकल्यात. वर थोडं पाणी घातलंत. गाळ खाली बसला तशा दोऱ्यासारख्या लाल अळ्या वळवळताना दिसू लागल्या. आमची मुलं ओणवी होऊन बघत होती. "ह्या एवढ्या दिसल्या म्हणजे पाण्यात दम राहिला नाही. मासा काय, बेडूकसुद्धा इथं सुखानं राहायचा नाही." पुढे पुस्तकात वाचलं की प्राणवायू अगदी कमी असलेल्या पाण्यात तगण्यासाठीच त्यांच्या अंगात तो लाल रंग असतो. तुमच्या हिशेबाला पुस्तकाची गरज नव्हती. वाम आणि मरळ कुठल्या डोहात मिळायचे ते तुम्ही बोट दाखवून सांगायचात, आणि आम्हाला तिथे नुसतं काळं पाणी दिसायचं.

जलपर्णी ओढायची पद्धतही तुमचीच. आम्ही काठीने जवळ ओढून घमेल्यात भरत होतो. दुसऱ्या दिवशी वरून तेवढीच वाहत यायची. तुम्ही लांब बांबू टोकाला टोक बांधून त्यांची साखळी केलीत आणि ती पाण्यावर सरळ आडवी न टाकता तिरकी टाकलीत. सरळ टाकली तर जलपर्णी दाटते आणि बांबूखालून निसटते. तिरक्या बांबूला लागून ती सरकत सरकत आपणहून काठाशी येते, तिथे चार माणसं उभी राहिली की काम होतं. काढलेली रास काठावर सोडायची नाही, ही तुमची दुसरी शिस्त. वर नेऊन वाळवायची. तिच्यात बहुतेक पाणीच असतं, वाळली की केवढंसं ओझं उरतं! काठावर राहिली तर पहिल्या लोंढ्याबरोबर पुन्हा पात्रात, आणि तिथे एकीच्या धुमाऱ्यांपासून दहा तयार.

पण ती येते कशावर पोसून, हे विचारायला तुम्ही लावलंत. खडकवासला धरणाचं पाणी पावसाळा सोडला तर नदीत जवळपास सोडलंच जात नाही. ते कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरकडे जातं आणि नळाने आमच्या घरात येतं. मग उन्हाळ्यात पुलाखालून वाहतं ते काय? आमच्याच मोऱ्यांचं पाणी. साबणातलं फॉस्फेट आणि मैल्यातलं नायट्रोजन हेच जलपर्णीचं खत. शहरात जपानच्या 'जायका' या अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थेच्या मदतीने मैलापाणी शुद्ध करणारी 11 केंद्रं उभारायची योजना आहे आणि ती लवकर पुरी व्हावी म्हणून आम्ही पाठपुरावा करतो आहोत. तोवर स्वयंपाकघरात जे करता येतं ते करतो. आमच्यातल्या काही घरांत भांड्यांना रिठा आला तो त्या पांढऱ्या ताटामुळे.

निर्माल्याचं मात्र खास लिहायला हवं. एकदा एक कुटुंब गाडीतून उतरलं. प्लास्टिकच्या पिशवीत हार, नारळ, देवाच्या जुन्या तसबिरी. आमच्यातले दोघंतिघं तावातावाने पुढे निघाले होते. तुम्ही त्यांना मागे सारलंत आणि त्या आजींना हात जोडलेत. "माउली, फुलं मला द्या, मी त्यांचं खत करून देवळातल्या तुळशीला घालतो. पिशवी तुमच्या हातात राहू द्या." आजींनी पिशवी रिकामी केली. वर नारळ फोडून आम्हा सगळ्यांना प्रसाद दिला. त्या अजूनही येतात, काका, आणि निर्माल्य थेट खताच्या पिंपात टाकतात. अरेरावी करणाऱ्याला अडवणं सोपं असतं. श्रद्धेने आलेल्या माणसाला न दुखावता वळवणं आम्हाला जमत नव्हतं, ते तुम्ही करून दाखवलंत.

25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं, तेव्हा तुमच्या पायांना सूज होती. तरी तुम्ही पावसात ट्यूब आणि दोर घेऊन आलात, कुठल्या गल्लीत ओढ आहे आणि कुठे नुसतं साचलेलं पाणी आहे ते सांगत राहिलात. पानशेत धरण फुटलं त्या 12 जुलै 1961 च्या गोष्टी तुमच्या वडिलांकडून तुमच्याकडे आल्या होत्या. त्यामुळे काठावर राडारोड्याचा एकेक ट्रक रिकामा झाला की तुम्ही बेचैन व्हायचात. नदीची रुंदी खाल्ली की पाणी घरात येणार, हे तुम्हाला नकाशाशिवाय दिसत होतं. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या पुरासाठी आखून दिलेल्या हद्दीच्या, आत रस्ता नको म्हणून ज्या नागरिकांनी हरित लवादात दाद मागितली आणि 2013 मध्ये निकाल मिळवला, त्यांचंही आमच्यावर ऋण आहेच. पण भराव कुठून कुठवर आला, जुना काठ कुठल्या उंबरापाशी होता, हे आम्हाला तुम्ही चालून दाखवलंत. आमच्या तक्रार अर्जांना जोडलेले फोटो सगळे त्या फेरीतले.

आता तुम्ही उजनी धरणाच्या जलाशयाकाठी आहात. मुठेचं पाणी संगमावर मुळेला मिळतं, रांजणगाव सांडसला भीमेत जातं आणि दौंडवरून तुमच्या दाराशी येतं. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याची माणसं भिगवणला गर्दी करतात. त्या पाण्यात आपल्या मोरीचाही वाटा आहे, हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगते. तुमचे जावई ज्या पाण्यात जाळं टाकतात ते आमच्या घरांतून निघालेलं आहे, हे मनात आलं की भांडी घासताना हात थांबतो.

काका, मनापासून आभार. सकाळच्या थंडीत गुडघ्याएवढ्या घाण पाण्यात आमच्याआधी उतरल्याबद्दल, मुलांच्या हातात दोर दिल्याबद्दल, आणि आम्हाला एकदाही परकं न मानल्याबद्दल.

यंदाची जलपर्णी पावसाच्या आत काढायची आहे. जुने दोन बांबू कुजले होते, नवे आणून ठेवलेत. गाठी तुमच्यासारख्या बसत नाहीत, तेवढं फोनवर एकदा समजावून सांगा. दिवाळीनंतर आम्ही भिगवणला येतोच आहोत. काकूंना आणि ताईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
विठ्ठलवाडीच्या रविवारच्या गटातली ताई