जुन्या गॅस गिझरसाठी, निपाणीच्या मित्रास

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गिझर पेटत नाही, दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट मिळत नाहीत, नवीनच घ्या, आणि वहिनी एवढ्या थंडीत पहाटे उठून चुलीवर पाणी तापवतायत, हे वाचून लगेच लिहायला बसलो. नवीन घ्यायची घाई करू नको गा. तसलाच जुना गिझर माझ्याकडे अजून चालतोय.

नळ सोडलास की टक टक टक असा ठिणगीचा आवाज येतो का, ते आधी नीट ऐक. सगळं निदान त्या आवाजावर आहे. आवाजच येत नसेल तर गॅसकडे बघूच नको. खालच्या डबीतले दोन्ही मोठे सेल बदल, पट्ट्यांवर हिरवं चढलं असेल तर पॉलिश पेपरने घास. मग पाणी येतं त्या तोंडाची बारीक जाळी काढून धू. आणि टाकी गिझरपेक्षा किती उंच आहे तेही बघ. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. तुमची टाकी लगेच वरच्या गच्चीवर, म्हणजे दाब मुळातच बेताचा. त्यात जाळी तुंबली की संपलंच.

एवढं करूनही आवाज नाही, तर दोष बहुतेक डायफ्रामचा. पाण्याच्या पितळी व्हॉल्व्हमध्ये ही रबरी चकती असते. पाणी वाहू लागलं की ती फुगते, पिन पुढे ढकलते, पिन मायक्रोस्विच म्हणजे छोटं बटण दाबते, तेव्हा कुठे ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. रबर कडक झालं की हे सगळं थांबतं. माझी चकती काढली तेव्हा वरून धडधाकट दिसत होती. दोन्ही अंगठ्यांनी ताणून उजेडात धरली, तेव्हा मधल्या भोकापासून केसाएवढी चीर दिसली. शे-दीडशे रुपयांच्या रबरापायी कुणी पाच-सहा हजारांचा गिझर भंगारात घालावा, हे मला पटत नाही.

पार्ट मिळत नाहीत असं सांगतात ते कंपनीच्या नावाने मागितलं म्हणून. बऱ्याच गिझरांचे आतले भाग एकाच घडणीचे असतात. दुकानात नाव सांगू नको, जुनी चकती काउंटरवर ठेव. बाहेरचा व्यास, मधलं भोक आणि कडेचा काठ, तिन्ही जुळलं पाहिजे. मायक्रोस्विच आणि सेलची डबीही अशीच नमुना दाखवून मिळते. माझी पिन झिजलेली होती, ती तर उद्यमबागेत एका ओळखीच्या लेथवाल्याने पितळेची करून दिली. जोडताना पिनेच्या ओ-रिंगला, म्हणजे बारीक रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसच लाव. साध्या तेलाने काही रबरं फुगतात.

ठिणगी पडते, ज्योत लागते आणि चार-पाच सेकंदांत विझते, असं असेल तर बर्नरजवळ ज्योतीत येणारी सेन्सरची काडी बघ. तिच्यावर काजळी चढली की ठिणगी आणि गॅस सांभाळणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक डब्याला ज्योत कळत नाही आणि तो गॅस बंद करतो. काडी पुसली की बहुधा काम होतं. तो डबा आहे म्हणूनच आपण सुरक्षित आहोत, तेव्हा वायर जोडून त्याला फसवणाऱ्या माणसाला दारात उभा करू नको.

गॅसच्या बाजूला मात्र काटकसर नाही, बापू. सोलेनॉइड (गॅसचा विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), रेग्युलेटर, नळी यांतलं काही जुनं, वापरलेलं घ्यायचं नाही, आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचं. नळी 5 वर्षांनी बदलायचीच. जोड साबणाच्या फेसाने तपास. काडी ओढून बघणारे लोक अजून आहेत, त्यांना हात लावू देऊ नको. गळलेला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीवर साचतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तू लिहिलंस की तुमचा गिझर न्हाणीतच आहे आणि थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलाय. तो पुठ्ठा हे पत्र वाचता वाचता काढ. हवा कमी पडली की ज्योत निळीची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं, आणि दार उघडायच्या आत शुद्ध जाते. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. काकूंचं वय बघता मला याची फार काळजी वाटते. गिझर बाहेरच्या भिंतीवर उघड्यावर घे आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आण. गवंडी आणि पाइपचा खर्च होईल, पण डायफ्रामवर वाचलेले पैसे तिथेच घाल. तोवर गिझर पेटला तरी न्हाणीत लावायचा नाही. पाणी बाहेर तापवा आणि बादलीने आत न्या. तांब्याची कॉइल गळत असेल किंवा पत्रा सडला असेल, तर मात्र माझाही सल्ला नवीनच घे असा.

चकती काढलीस की पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठव. मी खडे बाजारात विचारून ठेवतो. शनिवारी येणार असलास तर जेवायलाच ये, आपण मिळून आणू.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त