डोकं जड असतं, म्हणालीस

वाई, ८ डिसेंबर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू कौतुकाने सांगितलंस, की रात्री खालच्या घरमालकीण अमालेंच्या बुखारीतले, म्हणजे खोली तापवायच्या त्या लाकडाच्या शेगडीतले, निखारे लोखंडी घमेल्यात भरून वर तुझ्या खोलीत नेतेस आणि मग झोप छान लागते. फोन ठेवता ठेवता म्हणालीस, सकाळी जरा डोकं जड असतं, उंचीमुळे असेल. मी "बरं" म्हटलं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

लेहला जाऊन तुला तीन महिने झाले. साडेतीन हजार मीटर उंची, पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं ते समजू शकते. आता का दुखावं? शाळेत गेलीस की दुपारपर्यंत उतरतं, हे तूच म्हणालीस. उंची शाळेतही तेवढीच आहे ना?

काल सकाळी आपल्या डॉक्टरांना विचारून आले. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसेनासा होऊन निखारे नुसते लाल फुललेले असतात, तेव्हाही तो निघतच असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. आणि तुझं ते प्राणवायू मोजायला बोटाला लावायचं यंत्र त्याला ओळखतच नाही, आकडा चांगलाच दाखवतं. तेव्हा "आई, ९० आहे" असं सांगून मला गप्प करू नकोस. जागेपणी निदान डोकं दुखतं, मळमळतं. झोपेत काहीच कळत नाही. म्हणून घमेलं आजपासून खोलीत नको. खिडकी किलकिली ठेवलीस तरी नको.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, माईंना वाईट वाटेल म्हणून. आता त्याही नाहीत. तू तेरा दिवसांची होतीस. माजघराशेजारची अंधारी खोली, थंडी मरणाची, वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओवा-शेपा टाकलेल्या. तुला घ्यायला उठले तर पाय पाण्यासारखे झाले. तू दुधाच्या वेळेलाही रडली नाहीस. बाहेर सगळे म्हणत होते, किती शहाणं बाळ, कसं शांत झोपलंय. माईच काय वाटून आत आल्या कोण जाणे. दार सताड उघडून त्यांनी शेगडी पायाने ढकलत अंगणात नेली आणि तुला उराशी धरून ओसरीवर थंडीतच बसल्या. तू रडलीस तेव्हा त्याही रडल्या. शेगडी त्यांनीच पेटवली होती. चूक कुणाची म्हणू? बाळंतिणीला शेक हवाच, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

तुझ्या खोलीच्या फोटोत खिडकीला कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या आणि मला तीच खोली आठवली. पट्ट्या काढू नकोस. ऊब राखायला फटी बुजवायलाच हव्यात, पण विस्तव नसलेल्या खोलीच्या. खाली बुखारी पेटते तिथे हवेला यायला वाट हवी. तिचा पाइप छपराच्या वर गेलाय ना? सांध्यातून धूर येतो का? काजळी शेवटची कधी काढली? ओलं लाकूड जाळलं की काजळीच धरते आणि बरीच आच पाणी उडवण्यात जाते. अमालेंना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी विचार. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा. माई रात्री निखारा राखेत पुरायच्या आणि सकाळी त्यावरच चूल पेटायची, तेव्हा राख विझली असं धरून चालू नकोस.

दक्षिणेकडची खोली मिळते का बघ. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन पार आतपर्यंत येतं. दिवसा पडदे उघडे ठेव, ऊन उतरलं की जाड पडदा ओढ. जमिनीवर सतरंजी, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. फारच गारठा असेल त्या रात्री खाली अमालेंजवळ झोप. त्यांच्याकडे हिवाळ्यात सगळं घर एका खोलीत येतं, असं तूच लिहिलं होतंस. त्यात लाज कसली?

बघ, पुन्हा शिकवायला लागले. तू शिक्षिका, तीस मुलांना सांभाळतेस, उणे पंधरात नळ गोठले तरी शाळेला सुट्टी घेत नाहीस. बाबा हे भाजीवाल्यालासुद्धा सांगतात, मीही सांगते. तुला परत ये म्हणत नाही. जाताना म्हटलं होतं, ते चुकलंच माझं. पण सकाळी उठल्या उठल्या डोकं कसं आहे तेवढं कळव. "ठीक" एवढं लिहिलंस तरी चालेल. आणि दुखत असलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत जा, मग दवाखान्यात, आणि निखाऱ्यांचं सांग. नाहीतर तेही उंचीच म्हणतील.

तुझी
आई

ता. क. दादाने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून दिलाय, पार्सलमध्ये डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली आहे. अमालेंच्या खोलीत लावायचा. बॅटरी घालून बाबांनी बटण चार वेळा दाबून पाहिलं, शेजारच्या काकू धावत आल्या.