चालोन आरांगचीही बाजू ऐका

माननीय संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत इंडोनेशियातील रामायण-महाभारताच्या परंपरेवर आलेला लेख वाचला. माहिती चांगली होती, सूर मात्र ओळखीचाच. धर्म बदलला तरी त्यांनी 'आपली' महाकाव्यं सांभाळली, जावातल्या प्रम्बाननला शिवमंदिर आहे, नोटेवर गणपती आहे. (ती वीस हजार रुपियांची नोट 1998 ची. चलनातून जाऊन कितीतरी वर्षं झाली, फॉरवर्ड मात्र अजून फिरतोय.) दुसऱ्यांच्या कथांमध्ये आपण स्वतःचाच चेहरा शोधत बसलो की त्या कथांतली माणसं दिसत नाहीत. बायका तर नाहीच.

लेखात वायांगचा, म्हणजे जावाच्या छायानाट्याचा उल्लेख आहे. या वायांगमध्ये द्रौपदीला पाच नवरे नाहीत, ती एकट्या युधिष्ठिराची बायको. आणि आपला शिखंडी तिथे सरळसरळ स्त्री आहे : श्रीकांडी. ती अर्जुनाकडे धनुर्विद्या शिकते, त्याच्याशीच लग्न करते आणि रणात भीष्मांना पाडते. यक्षाकडून पुरुषत्व उसनं घ्यायची तिला गरज पडत नाही. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये इंडोनेशियाला पहिलंवहिलं पदक मिळालं ते महिला तिरंदाजी संघाचं रौप्य. त्या तिघी 'तीन श्रीकांडी' म्हणून ओळखल्या जातात. एकाच परंपरेनं एका बाईच्या हाती बाण दिला आणि दुसरीचे चार नवरे काढून घेतले. ही परंपरा बाईला पुढे नेणारी की मागे ओढणारी, हे लेखकमहाशयांनी एका वाक्यात सांगून दाखवावं.

पण मला मुख्यतः लिहायचंय ते जावाच्या दंतकथेतल्या चालोन आरांग या विधवेबद्दल. तिचं नावही लेखात नाही. अकराव्या शतकातल्या ऐरलंग राजाच्या काळातली म्हणून ही कथा सांगतात. गिराह गावची ही विधवा चेटकीण म्हणून बदनाम. तिची मुलगी रत्ना मंगाली देखणी, पण आईच्या धास्तीनं तिला मागणी घालायला कोणी येत नाही. आई चिडते, दुर्गेची आराधना करते आणि राज्यात रोगराई पसरवते. राजाचे सैनिक हरतात, तेव्हा म्पू भराडा हा ऋषी आपला शिष्य बाहुला याला पाठवतो, कशाला, तर मंगालीशी लग्न करायला! हा जावई सासूची मंत्रांची पोथी पळवतो, मग ऋषी तिला मारतो आणि राज्य सुखी होतं. ज्या लग्नासाठी आईनं एवढा आकांत मांडला, ते लागतं तेच मुळी कपटानं. मंगालीला काय वाटलं, हे कथा विचारत नाही. गंमत म्हणजे बालीत याच विधवेची रांग्दा झाली. लांब जीभ आणि सुळे असलेली ही भयंकर रांग्दा बारोंग या रक्षणकर्त्या सिंहरूपी प्राण्याशी लढते, आणि देवळात तिच्या मुखवट्याची पूजाही होते.

ही नुसती जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. 1965 च्या ऑक्टोबरात जकार्तात सहा सेनापती मारले गेले. त्यानंतर लष्कराच्या वर्तमानपत्रांनी छापलं की गेरवानी या डाव्या महिला संघटनेच्या बायकांनी नाचत-गात त्या सेनापतींची विटंबना केली, अवयव कापले. पुढे हुकूमशहा झालेले सेनाधिकारी सुहार्तो यांच्याच आदेशानं झालेल्या शवविच्छेदनात असं काहीही आढळलं नव्हतं. तरी संघटना चिरडली गेली, असंख्य बायका तुरुंगात सडल्या आणि ती कहाणी पुढची तीन दशकं खरी म्हणून सांगितली गेली. ती एवढी सहज कशी पटली? माझ्या मते, अघोरी बाईचं चित्र लोकांच्या मनात आधीच तयार होतं म्हणून.

म्हणूनच तिथल्या लेखिका या विधवेकडे वळल्या याचं मला नवल वाटत नाही. तोएती हेराती यांनी 2000 मध्ये चालोन आरांगला पितृसत्तेची बळी म्हणून उभं केलं. बालीच्या चोक सावित्री यांनी 2007 मध्ये त्याच विधवेवर कादंबरी लिहिली. ओका रुस्मिनी यांच्या 'तारियान बुमी' या कादंबरीत बालीतली ब्राह्मण मुलगी शूद्राशी लग्न करते आणि त्याची किंमत मोजते. आयु उतामी यांची 'सामान' ही कादंबरी 1998 मध्ये, सुहार्तो राजवट कोसळायच्या सुमारास आली. बाईनं शरीरसुखाबद्दल इतकं मोकळं लिहिलेलं पाहून अशा लेखिकांच्या लेखनाला 'सुगंधी साहित्य' असं हिणवलं गेलं. नाक मुरडण्याची ही पद्धत मराठी वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

आणि 'आपलं' नातं शोधायचंच असेल तर ते पुराणात कशाला शोधायचं? स्त्रीशिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या जावाच्या कार्तिनीनं (1879–1904) आपल्या पत्रांत पंडिता रमाबाईंबद्दल लिहिलंय. शाळेत असताना या हिंदुस्थानी बाईचं नाव ऐकून ती थरारून गेली होती. फक्त गोऱ्याच नव्हे, सावळ्या बाईलाही स्वतंत्र होता येतं, हे तिला तिथे दिसलं. केडगावच्या रमाबाई जावातल्या जेपारा गावच्या, पुढे उंबऱ्याआत कोंडल्या गेलेल्या मुलीपर्यंत पोचल्या होत्या. लेखात याला दोन ओळी तरी मिळायला हव्या होत्या.

विनंती एवढीच, की पुढच्या वेळी इंडोनेशियावर पान काढाल तेव्हा मंदिरांच्या फोटोंऐवजी यांपैकी एखाद्या लेखिकेची कथा अनुवाद करून छापा. जागा कमी पडली तर नोटेवरचा गणपती गाळला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली