‘वॅगन मास्टर’चीही आठवण ठेवा

महोदय,

रविवार पुरवणीतला वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकन पश्चिमेतल्या घोडेस्वारांच्या चित्रपटांवरचा लेख आवडला. पण दिग्दर्शक जॉन फोर्ड म्हटले की नट जॉन वेन आलाच, हे समीकरण तिथेही मोडले नाही. फोर्डच्या १९५० च्या ‘वॅगन मास्टर’चा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

कमी खर्चात, मोठ्या ताऱ्याशिवाय, अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआबच्या परिसरात चित्रित झालेला हा कृष्णधवल चित्रपट. गावोगावी हाकलले गेलेले मॉर्मन या धर्मपंथाचे लोक कुटुंबकबिल्यासह, बियाण्याची पोती सांभाळत सॅन हुआन नदीकडे निघतात. वाट दाखवायला दोन तरुण घोडेव्यापारी. त्यांतला बेन जॉन्सन आधी पडद्यावरच्या नटांसाठी घोडेस्वारीची जोखमीची दृश्ये करायचा, आणि त्याची खोगिरावरची बैठक पाहताना ते जाणवते. (पुढे त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.)

मला सर्वांत भिडतो तो नॅव्हाहो या मूलनिवासी लोकांचा प्रसंग. काफिल्यात घुसलेल्या दरोडेखोरांच्या टोळीतला एक जण नॅव्हाहो स्त्रीवर हात टाकतो, तेव्हा मॉर्मनांचा म्होरक्या त्याला सर्वांदेखत चाबकाचे फटके देववतो. त्या काळच्या किती वेस्टर्नपटांत मूलनिवासी स्त्रीला असा न्याय मिळाला? आणि शेवटी नायक गोळी झाडतो खरा, पण लगेच पिस्तूल दूर भिरकावून देतो.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. आपल्या फिल्म सोसायट्यांनी तो मोठ्या पडद्यावर जरूर दाखवावा.

– एक चित्रपटप्रेमी, सांगली